जेवताना लावायची सिरीज

आमच्या घरातल्या टीव्हीवर काय लागेल आणि काय लागणार नाही, हे मी ठरवते. हा अधिकार मला कुणी दिलेला नाही, मी तो घेतला. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे. दिवसभर पितळेचे बारीक भाग गेजला लावून बघायचे, बसला तर पास, अडकला तर रिजेक्ट. वर्षानुवर्षं हेच केल्यावर घरी आल्यावरही डोळे स्वस्थ बसत नाहीत. नवरा म्हणतो, तू टोमॅटो निवडायला लागलीस की तो भाजीवाला बिचारा ऑडिट आल्यासारखा उभा राहतो. म्हणू दे. घरात सडका टोमॅटो येत नाही, हे तो कधी बोलून दाखवत नाही.

टीव्हीचा कारभार हातात घ्यावा लागला तो सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, लेक तेवढी आजोबा म्हणते. अप्पांची हयात त्र्यंबकेश्वरात गेली. लांबून आलेल्या माणसांचे विधी सांगायचे, त्यांच्या हातून त्यांच्या गेलेल्या माणसांना पाणी द्यायला लावायचं, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. सासूबाई गेल्या, मग अप्पांचे गुडघे गेले, आणि ते आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आले. पाटावर बसणं गुडघ्यांनी बंद केलं, म्हणून ते टेबलावर जेवतात. बिल्डरने हॉलला मोकळी अशी एकच भिंत दिलेली असल्यामुळे टेबलासमोर टीव्ही आहे.

आणि अप्पा जेवताना बोलत नाहीत. एकदा आपोष्णीचं पाणी घेतलं की हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मीठ हवं असेल तर डाव्या हाताची चिमूट दाखवायची, ताक हवं असेल तर वाटी पुढे सरकवायची. मधेच बोललं तर पान संपलं. मग ताटात काहीही असो, उठायचं, आणि पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. हा नियम त्यांच्या वडिलांचा, त्यांच्या आजोबांचा. एकदा ते जेवत असताना स्वयंपाकघरात गॅस गळायला लागला होता. वास आधी अप्पांना आला. त्यांनी टेबलावर वाटी आपटून आपटून आम्हाला आत पिटाळलं, पण 'गॅस' हा एवढासा शब्द काही तोंडातून काढला नाही. आम्ही खिडक्या उघडून धापा टाकत बाहेर आलो तर हे ताक भुरकत होते.

टीव्ही मात्र चालतो. मौन तोंडाला आहे, डोळ्यांना नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्यामुळे झालं काय, की पडद्यावर काही भलतंसलतं आलं तर त्यांना 'बंद करा' म्हणता येत नाही. ते फक्त ताटात बघायला लागतात. नवऱ्याने एकदा 'पोलिसांची आहे, चांगली आहे' म्हणून एक सिरीज लावली. पहिल्या भागात पोलीस सोडून बाकी सगळं दिसलं. अप्पांनी वरणभाताचं एकेक शीत वेगळं करून खाल्लं, मी पाणी आणायला म्हणून आत गेले ती बाहेरच आले नाही. त्या दिवसापासून रिमोट माझ्याकडे.

आता लेकीबद्दल. ती आमच्या घरी आली तेव्हा तिला नुकतेच खालचे दोन दात आले होते. संस्थेतून आणली. हे आम्ही तिच्यापासून कधी लपवलं नाही. उलट तिने त्याचा भरपूर फायदा घेतला. वाढदिवस एक आणि घरी आणलं तो दिवस दुसरा, असे वर्षातून दोन केक ती हक्काने वसूल करायची. अप्पांचा दर शनिवारचा त्र्यंबकहून येणारा फोन तिच्यासाठीच असायचा, आमच्याशी ते जाता जाता बोलायचे. आमच्याकडे राहायला आल्यावर टेबलाशी त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची तिची झाली. मीठ दाखवणारी चिमूट माझ्याआधी तिला दिसायची.

उन्हाळ्यात त्र्यंबकला भावकीत मुंज होती. पंगत बसलेली. अप्पांची चुलत बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, मठ्ठा वाढत आल्या आणि लेकीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "केवढी उंच झाली गं ही. बघता बघता लग्नाची होईल." मग शेजारच्या पानावरच्या अप्पांना विचारलं, "दादा, हिचं गोत्र कुठलं सांगणार रे तुम्ही?"

अप्पांच्या हातात घास होता. त्यांनी तो तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला आणि पुढचा भात कालवायला घेतला. मी म्हटलं, "आत्या, आधी तिची दहावी तर होऊ द्या." लोक हसले, मठ्ठ्याची बादली पुढे गेली. खरं सांगते, मला काही खटकलं नाही. अप्पा जेवताना बोलत नाहीत, हे आमच्या घरात घड्याळासारखं चालणारं. त्याची कुणी दखल घेत नाही. पण माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिने प्रश्न ऐकला, उत्तरासाठी आजोबांकडे बघितलं, आणि आजोबांनी भात कालवला.

परत आल्यापासून ती आपलं ताट घेऊन खोलीत जायला लागली. आधी म्हणाली अभ्यास आहे. सुट्टीत कसला अभ्यास, असं विचारल्यावर म्हणाली, भूक उशिरा लागते. शेवटी मी तिच्या खोलीत जाऊन बसले.

"आत्यांचं काय मनावर घेतेस? त्यांना सवय आहे बोलायची."

"आत्याआजींचं नाही घेतलं."

"मग आजोबांचं? अगं, जेवताना ते बोलत नाहीत, तुला माहिती नाही का?"

"हात धुतल्यावर बोलता येतं ना?" ती म्हणाली आणि कानात हेडफोन घातले.

रात्रंदिवस लोकांना टोचून बोलणारी मी, गप्प उठून बाहेर आले.

नवरा म्हणाला, मी अप्पांशी बोलतो. पण या बापलेकांचं बोलणं पंचांग आणि पाणीकपात यापलीकडे कधी गेलेलं नाही, त्यामुळे ते राहिलंच. मी स्वतः अप्पांना सांगू शकले असते. सांगितलं असतं तर अप्पांनी लगेच तिला बोलावून दोन शब्द बोललेही असते, आणि ती एका मिनिटात ओळखून चुकली असती की आईने बोलायला लावलंय. मागून मिळालेलं तिला नको असतं, तेवढी ती माझ्यावर गेली आहे. म्हणून आम्ही सगळे वाट बघत राहिलो. अप्पा रोज संध्याकाळी उजव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, मग तिच्या बंद दाराकडे बघत, आणि मग आपोष्णी घेत. त्यांना काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. शाळा सुरू झाली, गणपती आले आणि गेले, ती खुर्ची रिकामीच राहिली.

आणि मग एका रविवारी सकाळी, मी मिसळीला फोडणी देत असताना, लेक ओट्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी बाहेर टेबलापाशी जेवीन. पण एक सिरीज आहे, ती लावायची. रोज एक भाग. सगळ्यांनी बघायची, आजोबांनी पण."

माझ्या हातातला झारा थांबला. ती बाहेर येणार म्हटल्यावर मी कुस्त्यांचे सामनेसुद्धा लावले असते. पण सवय वाईट. तोंडातून निघालं ते हेच, "कसली सिरीज? आधी मी बघणार."

"बघ ना," ती म्हणाली. "सायन्स फिक्शन आहे. मुलांची. घाण काही नाही."

कारखान्यात माल येतो तेव्हा सगळे नग कुणी तपासत बसत नाही. वरचे थोडे, मधले थोडे, तळाचे थोडे काढायचे, ते बरोबर असले की लॉट पास. मी तेच केलं. पहिला भाग, मधला एक आणि शेवटचा, मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून, पोळ्या करता करता. कुठल्यातरी बर्फाच्या देशातली गोष्ट, हिंदीत डब केलेली. डोंगरात एक छोटं गाव, शाळेतली चार-पाच पोरं, गावाखाली बंद पडलेली एक प्रयोगशाळा. सुरुवातीला वयाचा आकडा आणि 'भय, भाषा' असा इशारा होता. भाषा म्हणजे शिव्या, हे मला कळतं. पण डब करणाऱ्याने सगळ्या शिव्यांचं 'कम्बख्त' करून टाकलं होतं, त्यामुळे ती अडचण परस्पर मिटली. चुंबन एक, तेही उघड्यावर बर्फात, दोघांच्या अंगावर इतके कपडे की कोण कुणाला जवळ घेतंय ते कळू नये. ती जागा मी लक्षात ठेवली. तेव्हा पापड मागायचा आणि पुढे सरकवायचं.

शेवटच्या भागात एक म्हातारा बर्फात उभा राहून कुणाला तरी हाका मारत होता, मग एक मुलगी स्वयंपाकघरात बसून रडत रडत सूप पीत होती. मधलं बघितलेलं नसल्यामुळे त्याचा अर्थ लागला नाही. रडणं आणि खाणं, दोन्ही कौटुंबिक आहे, असं म्हणून मी पुढे गेले.

पण पहिल्या भागात एक जागा अशी होती की माझ्या तव्यावरची पोळी करपली. ती पोरं प्रयोगशाळेत उतरतात, अंधारात एक लोखंडी दार असतं, ते ढकलतात, आणि दारापलीकडे खोली नसते, आभाळ असतं. नुसतं आभाळ, खाली जमीन नाही, आणि त्यात दोन चंद्र. एक मोठा, तांबूस, एक लहान आणि अगदी पांढरा. पोरांपैकी कुणी काही बोलत नाही. मी पंचेचाळिशीची बाई, हातात उलथनं, समोर धूर, आणि माझ्या अंगावर काटा आला. बायकांनी स्वयंपाकघरात असं काही बघायचं नसतं की काय कोण जाणे, पण मला कितीतरी वेळ तिथून परत येववेना.

"पास," मी लेकीला सांगितलं.

"सगळे भाग बघितलेस?"

"लॉट असा तपासत नाहीत."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "बरं," म्हणाली.

सोमवारपासून सुरू झालं. लेक ताट घेऊन बाहेर आली, पण आपल्या खुर्चीवर बसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून खाली बसली, ताट मांडीवर. अप्पांनी एकदा खुर्चीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आपोष्णी घेतली. मी म्हटलं, आली हे काय कमी आहे.

आणि दार उघडलं, दोन चंद्र दिसले, तेव्हा अप्पांचा हात तोंडाशी जाऊन थांबला. अख्खा प्रसंग संपेपर्यंत तो घास तसाच. त्या दिवशी त्यांनी ताकही मागितलं नाही. जेवण झालं, हात धुतले, टॉवेलला पुसत बाहेर आले ते बोलतच.

"दोन चंद्र म्हणजे तिथी कशी धरायची रे त्यांनी? एकाची पौर्णिमा तर दुसऱ्याची चतुर्थी. एकादशी तर महिन्याला चार. उपास करणाऱ्याचं काही खरं नाही."

भिंतीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. आमच्या घरात ते हसू उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा ऐकू आलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी ताटं उचलायला लागले, नाहीतर मलाच रडू आलं असतं.

मग रोजच तसं व्हायला लागलं. मला वाटलं होतं अप्पांना हे सगळं पोरखेळ वाटेल. छे. ते संध्याकाळी सातपासूनच टेबलाशी येऊन बसायचे. दारापलीकडे एक क्षण गेला की अलीकडे एक दिवस उलटतो, हे कळल्यावर तर ते इतके खूश झाले की सुपारी कातरायची विसरले. "हे आपल्याकडे आहेच," म्हणाले. "एक राजा मुलीचं स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला होता. तिथे गाणं चालू होतं, म्हणून जरा थांबला. परत आला तर खाली युगं उलटलेली, ओळखीचं कुणी राहिलेलं नाही. पण त्याला यंत्र लागलं नव्हतं." मग जरा वेळाने, आमच्यापैकी कुणाला नव्हे, पडद्याला म्हणाले, "या लोकांनी यंत्र केलं. काय डोकं आहे." अप्पा कुणाला भारावून दाद देताना मी पहिल्यांदा ऐकत होते. हयातभर परलोकाच्या वाटा लोकांना समजावून सांगितलेला माणूस, एका लोखंडी दारापुढे लहान मुलासारखा बसत होता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

लेक भिंतीपाशीच बसायची. आजोबांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, पण टीव्हीकडे बघत. आजोबाही टीव्हीकडेच बघत विचारायचे. बर्फातलं चुंबन आलं तेव्हा मी पापड मागितला, पण रिमोट नेमका नवऱ्याच्या ताटाखाली गेला होता. अप्पांनी ताटात बघितलं नाही. एवढ्या थंडीत पोरं काय करतील, असा काहीसा चेहरा करून ते बघत राहिले. माझी इतक्या वर्षांची सगळी तपासणी त्या चेहऱ्याने मोडीत काढली.

मग तो भाग आला. मधला, मी न काढलेला.

त्या दिवशी मुगाची खिचडी होती आणि कढी. त्या पोरांतली लाल जाकिटवाली मुलगी एकटीच प्रयोगशाळेत उतरते. तिला एका कोपऱ्यात काचेचा मोठा हंडा सापडतो, आणि त्यावर चिकटवलेला एका तान्ह्या बाळाचा फोटो. तिचाच. तिला आईने जन्म दिलेला नसतो, तिथे, त्या हंड्यात तयार केलेली असते, आणि कुणीतरी उचलून या घरात आणून ठेवलेली असते. ती काही रडत नाही. बर्फातून चालत घरी येते. घरात सगळे जेवायला बसलेले. ती दारात उभी राहते, बुटांवर बर्फ तसाच, आणि विचारते, "मैं आपकी कौन हूँ?"

टेबलाशी कुणी बोलत नाही. बाप चमचा खाली ठेवतो. आई ताटलीकडे बघते. आणि टोकाला बसलेला म्हातारा, तिचा आजोबा, सूप पीत राहतो.

हे मी कसं पास केलं, हा पहिला विचार. रिमोट उचलला, अंगठा बटणावर ठेवला, आणि लेकीकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. पंगतीत बघितलं होतं तशी आजोबांकडे बघत होती.

तेव्हा मला कळलं. सिरीज तपासायला मी घेतली नव्हती, तिने आम्हाला तपासायला घेतलं होतं. तिला जे तोंडाने विचारता येत नव्हतं, ते विचारण्यासाठी तिने कुठल्या कुठल्या देशाच्या गोष्टी बघितल्या असतील, किती रात्री खोलीत बसून हीच एक शोधली असेल, आणि मग एकेक भाग करत आम्हा सगळ्यांना या दारापर्यंत चालवत आणलं. एवढीशी पोर. मला तिची भीती वाटली आणि अभिमानही वाटला, आणि अंगठा आपोआप दाबला गेला. चित्र थांबलं. लाल जाकीट दारात उभं.

आणि अप्पा बोलले.

"तो म्हातारा बोलत का नाही गं?"

त्यांच्या उजव्या हातात खिचडीचा घास होता. नवऱ्याच्या हातातला पापड मोडून ताटात पडला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी अप्पांचा जेवतानाचा आवाज ऐकलेला नव्हता. त्यांच्या मुलानेही ऐकलेला नव्हता.

"तो जेवतोय, आजोबा," लेक म्हणाली.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. घास हळूच ताटात परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कळत गेलेलं मला दिसत होतं, आणि ते बघणं सोपं नव्हतं.

"मुंजीत," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"हात धुऊन आलो तेव्हा तू मुलांबरोबर कुशावर्ताच्या कुंडाकडे निघून गेली होतीस. आणि मला वाटलं, यात सांगायचं काय? माझ्या मनात कधी दुसरं आलंच नाही."

"मला सांगायला पाहिजे होतं."

"हो," अप्पा म्हणाले. "पाहिजे होतं."

ते खुर्चीवरून उठू बघत होते, गुडघे साथ देईनात, म्हणून तसेच तिच्याकडे वळून बसले. "तू घरी आलीस त्या दिवशी देवापुढे संकल्प मीच सांगितला होता. माझं गोत्र तेच तुझं. शास्त्रही तेच सांगतं, पण शास्त्र राहू दे बाजूला. जन्मभर मी लोकांच्या हातून त्यांच्या माणसांना पाणी द्यायला लावलं. आपल्याला कोण देईल, हे तेव्हा मनात येतंच. तुझा बाप देईल. पण माझ्यामागे मला तू पाणी दे. तुझ्या हातचं मला पोचेल."

मुलींनी हे करावं की करू नये, यावर भावकीत मोठमोठे वाद झालेले आहेत, आणि त्या प्रत्येक वादात 'करू नये' म्हणणाऱ्यांच्या बाजूने अप्पा बसलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. नवरा ताटावर मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. मी रडले, सरळ रडले, पदर-बिदर न लावता.

लेक मात्र रडली नाही. म्हणाली, "हे आत्याआजींना सांगाल?"

"लाव फोन."

तिने लावला, स्पीकरवर. पलीकडे आत्याबाईंची मालिका मोठ्याने चाललेली. अप्पा खरकटा हात ताटावर धरून डावीकडे वाकून बोलायला लागले. "अगं, मुंजीत तू मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर राहिलं."

"काय रे दादा, एवढ्यात जेवण झालं तुझं?"

"अर्ध्यावर आहे."

पलीकडची मालिका बंद झाली. आत्याबाई त्याच घरात वाढलेल्या. "अर्ध्यावर आहे," त्या म्हणाल्या, "आणि बोलतोयस?"

"बोलतोय. गोत्र आमचंच. आणि माझ्यामागे पाणी ती देणार आहे. भावकीत सगळ्यांना सांग, तुझ्या पोटात तसंही काही राहत नाही."

"अरे, मी आपलं सहज विचारलं होतं."

"मीही सहजच सांगतोय," अप्पा म्हणाले, आणि फोन कसा बंद करायचा ते न कळल्यामुळे तो तसाच लेकीपुढे धरला.

तिने तो बंद केला. मग भिंतीपासून आपलं ताट उचललं आणि टेबलाशी येऊन बसली. मी अप्पांचं ताट उचलायला हात पुढे केला, त्यांनी राहू दे म्हणून खूण केली. त्यांना अजून उठायचं नव्हतं. पान संपलेलं, समोर खिचडी निवत चाललेली, कढीवर साय धरलेली, आणि अप्पा समोर थांबलेल्या चित्राकडे बघत होते.

"तो बोलतो का गं पुढे?"

"बोलतो," लेक म्हणाली. "पण तोपर्यंत ती घर सोडून गेलेली असते. मग तो तिला बर्फात शोधत फिरतो."

अप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, उजवा खरकटा होता म्हणून.

"तू थांबलीस," ते म्हणाले.